सामाईक मालकीच्या फ्लॅटचे भाडे : कर कोणी भरायचा आणि किती?

प्रश्न (सहमालक)

माझ्या आणि माझ्या पतींच्या नावावर एक फ्लॅट आहे. खरेदीखतात दोघांचा वाटा निम्मा-निम्मा लिहिलेला आहे, गृहकर्जावर दोघांच्याही सह्या आहेत आणि ज्या जोडखात्यातून हप्ता जातो त्यात आम्ही दोघेही सारखीच रक्कम भरतो. आम्ही राहतो सासू-सासऱ्यांच्या घरात, त्यामुळे हा फ्लॅट भाड्याने दिलेला असतो. जुना भाडेकरू मार्च २०२५ च्या अखेरीस गेला, एप्रिल आणि मे हे दोन महिने फ्लॅट रिकामा राहिला आणि १ जूनपासून नवा भाडेकरू महिना २८,००० रुपये भाड्याने राहायला आला.

मार्च २०२६ पर्यंतच्या वर्षात रंगकाम आणि नळदुरुस्तीला ७०,००० रुपये लागले, एजंटला एका महिन्याच्या भाड्याइतकी दलाली दिली आणि घरपट्टीचे ३२,००० रुपये भरले. त्यांतले १६,००० आधीच्या वर्षाच्या थकबाकीचे होते. बँकेच्या दाखल्यानुसार वर्षाचे व्याज २,६०,००० रुपये आहे. भाडेकरूकडून १,००,००० रुपये अनामत घेतलेली आहे.

भाडे पतींच्या खात्यात जमा होते. म्हणून गेल्या वर्षी सगळे भाडे आणि सगळे व्याज त्यांनीच आपल्या विवरणपत्रात दाखवले होते. त्यांनी जुनी करप्रणाली निवडली आहे आणि मी नवी. आता भाडेकरूने घरभाडे भत्त्यासाठी पॅन मागितला आहे. एजंटचे म्हणणे असे की, सासूबाईंचे उत्पन्न करपात्र नसल्याने भाडेकरार त्यांच्या नावाने करावा आणि भाडे त्यांच्याच खात्यात घ्यावे, म्हणजे कर लागणार नाही. हे योग्य आहे का? आणि हप्ता भाड्यापेक्षा मोठा असल्याने प्रत्यक्षात हाती काहीच उरत नसेल, तर हे उत्पन्न दाखवावेच लागते का?

पहिले उत्तर (करसल्लागार)

एजंटच्या सल्ल्यापासून सुरुवात करतो, कारण तो फार ठिकाणी दिला जातो आणि त्यातून होणारा त्रास एजंटला भोगावा लागत नाही. घराच्या भाड्यावरचा कर हा ते भाडे कोणाच्या खात्यात जमा झाले यावर ठरत नाही. घराचा मालक कोण, यावर ठरतो. आयकर कायदा, १९६१ च्या कलम २२ नुसार घराचे वार्षिक मूल्य हे मालकाचे उत्पन्न आहे. सासूबाई मालक नाहीत. त्यांच्या खात्यात भाडे गेले, तरी कायद्याच्या दृष्टीने ते उत्पन्न तुम्हा दोघांचेच राहील आणि तुम्ही ते मिळाल्यावर त्यांना दिले एवढाच त्याचा अर्थ होईल. पतींनी आपला वाटा मोबदला न घेता तुमच्या नावावर केला, तरी कलम २७ त्यांनाच त्या वाट्याचे मालक मानते, त्यामुळे ती वाटही बंद आहे.

याच न्यायाने पूर्ण भाडे पतींनी दाखवणेही बरोबर नाही. सहमालकांचे वाटे निश्चित असतील, तर कलम २६ नुसार प्रत्येकाने आपापल्या वाट्याचे उत्पन्न आपापल्या विवरणपत्रात दाखवायचे असते. तुमच्या खरेदीखतात वाटे लिहिलेले आहेत, म्हणजे वादाला जागाच नाही. भाडेकरूलाही दोघांचे पॅन द्या आणि भाडेकरारात दोघांची नावे घाला. वर्षाचे भाडे एक लाखाच्या वर गेले की भत्त्याची सवलत मागणाऱ्या नोकरदाराला घरमालकाचा पॅन आपल्या कंपनीला कळवावा लागतो. एकाच पॅनवर पूर्ण भाडे नोंदले गेले आणि विवरणपत्रात मात्र निम्मे दिसले, तर पुढे विचारणा होऊ शकते आणि तिला उत्तर देत बसावे लागते.

आता हिशेब. वर्षाचे प्रत्यक्ष भाडे दहा महिन्यांचे, म्हणजे २,८०,००० रुपये. कायदा एरवी ‘अपेक्षित भाडे’ आणि प्रत्यक्ष भाडे यांची तुलना करतो आणि जे जास्त असेल ते धरतो. महापालिकेने ठरवलेले मूल्य आणि आसपासच्या तशाच घरांचे चालू भाडे यांतली मोठी रक्कम म्हणजे अपेक्षित भाडे. भाडेनियंत्रण कायदा लागू असेल, तर प्रमाणित भाड्याच्या वर ते जात नाही. परंतु घर काही काळ रिकामे राहिल्यामुळेच प्रत्यक्ष भाडे कमी पडले असेल, तर कमी असलेली प्रत्यक्ष रक्कमच धरली जाते. त्यामुळे एप्रिल-मेचे न मिळालेले भाडे तुमच्या माथी येत नाही. ते दोन महिने फ्लॅट भाडेकरूच्या शोधात रिकामा होता हे दाखवणारा एजंटशी झालेला पत्रव्यवहार किंवा जाहिरात जपून ठेवा.

यातून घरपट्टी वजा होते, आणि इथे नियम तुमच्या बाजूचा आहे: घरपट्टी कोणत्या वर्षाची आहे हे पाहिले जात नाही, मालकाने ती कोणत्या वर्षात भरली हे पाहिले जाते. म्हणून थकबाकीसह पूर्ण ३२,००० रुपये याच वर्षी वजा करता येतील. उलट बिल आले पण भरले नाही, तर एक रुपयाही मिळत नाही, आणि भाडेकरूने परस्पर भरली असेल तर ती वजावट तुमची नाही. उरतात २,४८,००० रुपये. हे निव्वळ वार्षिक मूल्य. त्याचा निम्मा वाटा प्रत्येकी १,२४,००० रुपये.

पुढची वजावट ३० टक्क्यांची, म्हणजे प्रत्येकी ३७,२०० रुपये. रंगकाम, नळदुरुस्ती, दलाली, विमा, भाडे वसुलीचा खर्च हे सगळे या ३० टक्क्यांत आले. कायदा बिले मागत नाही आणि बिले दाखवून त्याहून जास्त वजावटही देत नाही. ज्या वर्षी मोठी दुरुस्ती निघते त्या वर्षी हा नियम अन्यायाचा वाटतो, हे मला मान्य आहे. पण ज्या वर्षी खिळाही ठोकावा लागत नाही त्या वर्षीही ३० टक्के पूर्ण मिळतात.

शेवटी व्याज. हप्त्यातला मुद्दलाचा भाग भाड्यातून वजा होत नाही, फक्त व्याज होते, आणि भाड्याने दिलेल्या घराच्या बाबतीत त्यावर कमाल मर्यादा नाही. (दोन लाखांची जी मर्यादा सर्वांना पाठ असते, ती स्वतः राहण्याच्या घराच्या व्याजासाठी आहे.) तुम्ही दोघे सहमालक आहात, सहकर्जदार आहात आणि हप्ताही निम्मा-निम्मा भरता, म्हणून प्रत्येकी १,३०,००० रुपये. मार्चपूर्वी मिळालेल्या तात्पुरत्या दाखल्यावरचा आकडा घेऊ नका, वर्षअखेरचा दाखला घ्या. १,२४,००० मधून ३७,२०० गेले की ८६,८०० उरतात आणि त्यातून १,३०,००० गेले की प्रत्येकाच्या वाट्याला ४३,२०० रुपयांचा तोटा येतो.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. हाती काय उरले हे हप्ता भाड्यातून वजा करून ठरत नाही, कारण हप्त्यात मुद्दल असते आणि मुद्दल फेडल्याने तुमचीच मालमत्ता वाढत असते. तोटा निघाला, तरी तो विवरणपत्रात दाखवूनच सिद्ध करावा लागतो.

या तोट्याचे पुढे काय होते, ते करप्रणालीवर अवलंबून आहे. तुमचे पती जुन्या प्रणालीत आहेत, म्हणून त्यांचे ४३,२०० रुपये पगाराच्या उत्पन्नातून वजा होतील. अशी वजावट वर्षाला दोन लाखांपर्यंत मिळते आणि त्यावरचा तोटा पुढची आठ वर्षे घराच्याच उत्पन्नातून वळता करता येतो. तुम्ही नव्या प्रणालीत आहात. तिथेही भाड्याच्या घराचे व्याज वजा होते, परंतु उरलेला तोटा पगारातून वजा होत नाही आणि पुढच्या वर्षीही नेता येत नाही. दुसरे एखादे घर भाड्याने दिलेले असते आणि त्यात नफा असता, तर तेवढ्यापुरता तो उपयोगी पडला असता. तेवढ्यावरून तुम्ही प्रणाली बदलावी असे मी म्हणणार नाही, कारण नव्या प्रणालीचे दर कमी आहेत. दोन्ही बाजूंनी पूर्ण कर काढून पाहावा. मात्र पतींनी मुदत चुकवू नये. उशिरा भरलेल्या विवरणपत्रात जुनी प्रणाली निवडता येत नाही आणि तसे झाले तर त्यांचाही तोटा वाया जाईल.

दुसरे उत्तर (अनेक वर्षांचा घरमालक)

वरच्या हिशेबात भर घालण्यासारख्या दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात, आणि दोन्हींचा संबंध भाडेकराराच्या मजकुराशी आहे.

पहिली सोसायटीच्या मासिक खर्चाची. ‘भाडे मेंटेनन्ससह ३२,०००’ असे करारात एकत्र लिहिले की पूर्ण ३२,००० रुपये भाडे धरले जाण्याची शक्यता असते आणि तुम्ही सोसायटीला भरलेले पैसे वेगळे वजा होतील याची शाश्वती नसते, कारण अशा खर्चासाठी कायद्यात स्वतंत्र वजावटच नाही. न्यायाधिकरणांचे निर्णय दोन्ही बाजूंनी आहेत. ज्याला वादात पडायचे नाही त्याने करारात भाडे वेगळे लिहावे आणि मासिक खर्च भाडेकरूने थेट सोसायटीला भरावा असे स्पष्ट कलम घालावे. मी माझ्या सर्व करारांत हे कलम घालतो आणि सोसायटीच्या पावत्यांची प्रत भाडेकरूकडून घेतो.

दुसरी गोष्ट न मिळालेल्या भाड्याची. माझ्याकडचा एक भाडेकरू पाच महिन्यांचे भाडे थकवून घर सोडून गेला. न मिळालेल्या भाड्यावर कर भरावा लागू नये अशी तरतूद आयकर नियम, १९६२ च्या नियम ४ मध्ये आहे, पण ती आपोआप लागू होत नाही. भाडेव्यवहार खरा असला पाहिजे. भाडेकरूने घर सोडलेले असले पाहिजे किंवा त्याला बाहेर काढण्यासाठी तुम्ही पावले उचललेली असली पाहिजेत. तो तुमच्याच दुसऱ्या एखाद्या घरात राहत नसला पाहिजे. आणि वसुलीसाठी तुम्ही कायदेशीर कारवाई तरी केलेली असली पाहिजे, नाहीतर अशी कारवाई निष्फळ ठरली असती हे आयकर अधिकाऱ्याला पटवून देता आले पाहिजे. वकिलामार्फत पाठवलेली नोटीस, तिची पोच आणि बँकेच्या खात्याचा उतारा ही कागदपत्रे त्या वेळी माझ्या कामी आली. फोनवरच्या तगाद्याचा पुरावा उरत नाही, म्हणून निदान संदेश तरी लेखी पाठवावेत.

हे थकलेले भाडे नंतरच्या एखाद्या वर्षी वसूल झाले, तर ते ज्या वर्षी मिळाले त्या वर्षीचे उत्पन्न ठरते, त्यातून ३० टक्के वजा होतात, आणि तोपर्यंत घर विकलेले असले तरी कर भरावा लागतो. अनामतीतून थकबाकी वळती करून घेतली, तर ती वळती केलेली रक्कमही भाडेच असते. परत द्यायची अनामत मात्र उत्पन्न नव्हे, त्यामुळे तुमच्या एक लाखाची काळजी करू नका.

तिसरे उत्तर (लेखापाल)

टीडीएसचा, म्हणजे भाडे देतानाच भाडेकरूने कर कापून भरण्याचा मुद्दा राहिला आहे. तुमच्या २८,००० रुपयांच्या भाड्याला तो लागू नाही, पण पुढे भाडे वाढले किंवा भाडेकरू बदलला तर माहीत असावा. भाडेकरू साधा नोकरदार असेल आणि महिन्याचे भाडे ५०,००० रुपयांच्या वर असेल, तर त्याने २ टक्के कर कापायचा असतो. १ ऑक्टोबर २०२४ पूर्वी हा दर ५ टक्के होता. ही कपात तो दर महिन्याला करत नाही, वर्षाच्या किंवा भाडेकराराच्या शेवटच्या महिन्यात एकदाच करतो आणि तुम्हाला कर कापल्याचा दाखला (जुन्या कायद्याखाली फॉर्म १६-सी) देतो. एखाद्या कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यासाठी फ्लॅट घेतला असेल, तर इमारतीच्या भाड्यासाठी दर १० टक्के आहे, आणि १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा महिना ५०,००० रुपये आहे. कपात झाली की विवरणपत्रात पूर्ण भाडे दाखवायचे असते. पुष्कळ जण खात्यात आलेली, म्हणजे कर कापून उरलेली रक्कमच भाडे म्हणून लिहितात आणि वर कापलेल्या कराचे श्रेयही मागतात. तो फरक आयकर खात्याकडील कापलेल्या कराच्या नोंदीशी (जुन्या कायद्याखाली फॉर्म २६-एएस) ताडून पाहताना लगेच दिसतो.

सहमालकांपैकी कोणी परदेशी राहायला गेले आणि अनिवासी ठरले, तर सगळेच बदलते. त्याच्या वाट्याच्या भाड्याला किमान मर्यादा नसते आणि भाडेकरूला ३० टक्के दराने, उपकर धरून ३१.२ टक्के, कर कापावा लागतो. उत्पन्न फार मोठे असेल तर अधिभार वेगळा. घरावर व्याजाचा मोठा बोजा असेल, तर प्रत्यक्ष कर यापेक्षा खूप कमी निघतो. अशा वेळी आयकर खात्याकडून कमी दराने कपातीचा दाखला आधीच घ्यावा, नाहीतर पैसे परताव्याची वाट पाहत अडकून पडतात.

जीएसटीविषयी थोडक्यात : राहण्यासाठी दिलेल्या घरावर, भाडेकरू नोंदणीकृत व्यावसायिक नसेल तर, जीएसटी नाही. दुकान किंवा कार्यालय भाड्याने दिले तर १८ टक्क्यांचा प्रश्न येतो आणि तो वेगळा विषय आहे.

सहमालक

तिन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. आता गेल्या वर्षाविषयी विचारते. २०२४-२५ मध्ये भाडे महिना २५,००० रुपये होते आणि घर पूर्ण वर्ष दिलेले होते. घरपट्टी त्या वर्षी भरलेली नव्हती. व्याज २,७०,००० रुपये होते. पतींनी हे सगळे एकट्यांच्या विवरणपत्रात दाखवून ६०,००० रुपयांचा तोटा पगारातून वजा केला होता. मी काहीच दाखवले नव्हते. आता मला त्या वर्षाचा कर भरावा लागेल का, आणि १ एप्रिल २०२६ पासूनच्या भाड्याला नवा कायदा लागू झाल्यावर हा हिशेब बदलेल का?

पहिले उत्तर देणारे करसल्लागार

तुम्हाला त्या वर्षाचा कर भरावा लागणार नाही. तुमच्या वाट्याचे भाडे १,५०,००० रुपये, त्यातून ३० टक्क्यांचे ४५,००० आणि व्याजाचे १,३५,००० वजा केले की ३०,००० रुपयांचा तोटा येतो, आणि नव्या प्रणालीत त्या तोट्याने तुमचा करही बदलत नाही. अडचण पतींच्या बाजूची आहे. त्यांचा वाटाही ३०,००० रुपयांच्याच तोट्याचा होता आणि वजावट घेतली ६०,००० रुपयांची, म्हणजे त्यांचे करपात्र उत्पन्न ३०,००० रुपयांनी कमी दाखवले गेले.

सुधारित विवरणपत्राची मुदत ३१ डिसेंबर २०२५ रोजी संपली आहे. आता उरतो तो अद्ययावत विवरणपत्राचा, म्हणजे आयटीआर-यू चा मार्ग, आणि तो इथे चालतो, कारण त्यातून कर वाढतो. कर कमी करण्यासाठी तो वापरता येत नाही. पती ३० टक्क्यांच्या टप्प्यात आहेत असे धरले, तर ३०,००० रुपयांवर ९,००० रुपये कर आणि ४ टक्के उपकराचे ३६० मिळून ९,३६० रुपये होतात. त्यावर उशिराचे व्याज लागेल आणि कर व व्याज यांच्या बेरजेवर २५ टक्के जादा भरावे लागतील. हा २५ टक्क्यांचा दर ३१ मार्च २०२७ पर्यंत आहे. त्यानंतरच्या वर्षी तो ५० टक्के होतो आणि पुढे ६० व ७० पर्यंत चढतो. त्या वर्षाची चौकशी सुरू झाली की हा मार्ग बंद होऊ शकतो, म्हणून या वर्षाचे विवरणपत्र भरतानाच तेही उरकावे असे मी आग्रहाने सांगेन. रक्कम लहान आहे, पण या वर्षी निम्मा वाटा दाखवल्यावर गेल्या वर्षीचा पूर्ण वाटा शेजारी ठेवून पाहणाऱ्या कोणालाही प्रश्न पडेल.

नव्या कायद्याचे म्हणाल, तर आयकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला लागू आहे. मार्च २०२६ पर्यंतच्या भाड्याचे विवरणपत्र तुम्ही आता भराल, पण ते जुन्याच कायद्याखाली. नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत आणि ‘मागील वर्ष’ व ‘कर निर्धारण वर्ष’ यांच्या जागी ‘कर वर्ष’ ही एकच संज्ञा आली आहे. मालकाच्या नावे उत्पन्न, भरलेली घरपट्टी, ३० टक्के आणि व्याज ही चौकट तशीच आहे, त्यामुळे तुमचा हिशेब याच क्रमाने होईल. फक्त पतींना त्यांच्या कंपनीकडे या वर्षीच्या व्याजाचे निवेदन देताना पूर्ण रक्कम न लिहिता निम्मीच लिहायला सांगा, कारण पगारातली कपात त्यावरूनच ठरते.